गाठीचा उरलेला तुकडा

शस्त्रक्रिया होते, गाठ काढतात, ती तपासायला जाते आणि आठवड्या-दहा दिवसांनी रिपोर्ट हाती येतो. घरच्यांचे लक्ष असते ते रिपोर्टकडे. त्या गाठीचे पुढे काय होते, हा प्रश्न आमच्या घरात विचारला तो सासूबाईंनी.

सासूबाईंचे माहेर धारवाडचे, शिक्षण कन्नड शाळेत. लग्न होऊन बेळगावात शहापूरला आल्या तेव्हापासून बोलणे मराठी, हिशेब मात्र अजून कन्नडमध्येच. त्यांच्या स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा नेहमीच्या संमतीपत्रासोबत आणखी एक कागद आला. तपासणीनंतर उरलेली ऊती संशोधनासाठी ठेवण्यास आपली संमती आहे काय? मराठी प्रतीत 'ऊती', कन्नड प्रतीत 'अंगांश'. दोन्ही शब्द घरात कुणी कधी उच्चारलेले नाहीत. आम्ही म्हणतो गाठीचा तुकडा, सासूबाई म्हणतात 'गड्डे'. दीर म्हणाले, सही नको, आपल्या माणसाचा तुकडा परक्या हातात कशाला? नणंदेला वेगळीच भीती. नाही म्हटले आणि डॉक्टर नाराज झाले तर?

मग ओळखीच्या एका पॅथॉलॉजिस्ट बाईंकडे जाऊन बसले. त्यांनी चहा होईपर्यंत सगळे उलगडून सांगितले.

काढलेला भाग आधी फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात. तुकड्याच्या निदान दहापट तरी द्रव हवा. नंतर अल्कोहोलने त्यातले पाणी काढून मेण भरतात आणि त्याची छोटी वडी करतात. तिला म्हणतात 'ब्लॉक'. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर या वडीचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. आपला केस याच्या कितीतरी पट जाड! काप काचेवर घेऊन रंगवला की पेशींची केंद्रे निळी-जांभळी आणि बाकीचे गुलाबी दिसते. रिपोर्ट त्यावरून लिहितात. ब्लॉक मात्र उरतो, आणि नीट ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो.

संशोधकांना हवा असतो तो हाच. पण प्रत्येक संशोधकाने स्वतःचा मायक्रोटोम, रंगद्रव्ये आणि तज्ज्ञ कुठून आणायचा? म्हणून मोठ्या संस्था एकच सामाईक प्रयोगशाळा चालवतात. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही संशोधनसंस्था आहे, तिथे अशी सामाईक सोय आहे. गावच्या पिठाच्या गिरणीसारखेच हे. दळण ज्याचे त्याचे, जाते एक. फरक एवढाच की इथे गिरणीवाल्याची नजर फार मोलाची. काचेवर कर्करोग कुठे आणि शेजारची निरोगी चरबी कुठे, हे पॅथॉलॉजिस्टने दाखवले नाही तर संशोधक महिनोन्‌महिने चरबीचाच अभ्यास करत बसेल.

१९९८ साली आणखी एक युक्ती पुढे आली. शेकडो रुग्णांच्या ब्लॉकमधून सुईएवढे, जेमतेम ०.६ मिलिमीटर व्यासाचे नमुने काढून एकाच वडीत ओळीने बसवायचे. मग एका कापात शेकडो गाठी एकदम तपासता येतात. काही नमुने मेणात न घालता लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गोठवतात, कारण पेशीतले काही रेणू फार लवकर मोडतात.

एकाच्या गाठीवरून फारसे कळत नाही, हजारांवरून कळते. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. निपाणीच्या तंबाखूवर संसार उभे राहिलेल्या आपल्या भागाला तोंडाचा कर्करोग म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आता सहीचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशी संमती ऐच्छिक आहे. नाही म्हटल्याने उपचारात फरक पडता कामा नये, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. नणंदेचा जीव तेवढ्याने भांड्यात पडला. दीर मात्र शेवटपर्यंत गप्प होते.

सासूबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या. वडीवर माझे नाव लिहिणार का? संशोधकाकडे नाव जात नाही, फक्त क्रमांक जातो, असे उत्तर मिळाले. दुसरा प्रश्न जास्त व्यवहारी होता. सगळे त्यांनाच दिले तर मला काय उरले? स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या त्याच ब्लॉकवर होतात आणि औषध त्यांवरच ठरते. म्हणून आधी रुग्णाची गरज, मग उरले तर संशोधन. हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा लावून कन्नड प्रत पूर्ण वाचली आणि कन्नडमध्येच सही केली.

आमच्या एका मावसदिरांचे नशीब एवढे नव्हते. एका लहान दवाखान्याने त्यांची गाठ नुसत्या सलाइनच्या बाटलीत घालून दिली. दोन दिवसांनी ती तपासणीला पोहोचली तेव्हा पेशी कुजून गेल्या होत्या. संशोधन राहू द्या, साधे निदानही होईना. पुन्हा बायोप्सी करावी लागली आणि मधले तीन आठवडे घरात कुणाला धड जेवण गेले नाही.

तेव्हा बाटली हाती देताना आत फॉर्मॅलिन आहे ना, हे बेधडक विचारा. हुबळी, बेंगळुरू किंवा मुंबईला दुसरे मत घ्यायला निघालात तर रिपोर्टच्या झेरॉक्सबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही लेखी अर्ज करून मागून घ्या. वाटेत ब्लॉक हातातल्या पिशवीत ठेवा. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते.