फ्लॅग आधी, तापमान नंतर

मागच्या भागात लॉकवर बोललो, आज मेमरी बॅरियर.

तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यासाठी मी रिअ‍ॅक्टरच्या तापमानाचा लिनक्स ड्रायव्हर लिहिला होता. एक कोअर आकडा लिहितो, मग 'तयार' हा फ्लॅग 1 करतो. दुसरा कोअर फ्लॅग बघतो आणि आकडा उचलतो. पालघरला घरी, इंटेलच्या लॅपटॉपवर सगळं मस्त चाललं. बोईसरला एआरएम बोर्डावर मात्र मधूनच एक रीडिंग मागचं तापमान दिसायला लागलं. ऑपरेटर त्याच आकड्यावर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो. पोटात गोळाच आला.

इंटेलचा प्रोसेसर एका कोअरने लिहिलेलं बाकीच्यांना त्याच क्रमाने दाखवतो. एआरएमवर ही हमी नाही. फ्लॅग आधी पोचतो, आकडा मागून. म्हणजे भाजी पडायच्या आधीच 'डबा भरला' अशी हाक! (कंपायलरही ओळी मागेपुढे करतो, ते वेगळंच.)

मी आधी फक्त लिहिणाऱ्या बाजूला एसएमपी_डब्ल्यूएमबी टाकला आणि मोकळा झालो. चूक कमी झाली, गेली नाही. हे तर जास्त वाईट. कारण वाचणारा कोअरसुद्धा फ्लॅग तपासायच्या आधीच आकडा वाचून ठेवू शकतो. बॅरियर जोडीनेच लागतो: लिहिताना एसएमपी_स्टोअर_रिलीज, वाचताना एसएमपी_लोड_अ‍ॅक्वायर. दोन्ही बसवले तेव्हा कुठे आकडे जुळले.

दोघं एकाच वेळी लिहिणार असतील तर मात्र बॅरियर पुरत नाही, तिथे लॉकच. आणि अशा शर्यती पकडणारं केसीसॅन 2020 पासून, लिनक्स 5.8 मध्ये, कर्नलमध्येच आहे. ते कसं चालू करायचं, ते पुढच्या भागात.