रोखीचे दुकान आणि स्वदेशीचा संसार

मुंबईच्या फोर्ट विभागात हुतात्मा चौकाकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दिशेने चालू लागले की डॉ. दादाभाई नौरोजी मार्गावर दगडी कमानींची रांग सुरू होते. इमारतींच्या तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी आच्छादित मार्ग ठेवलाच पाहिजे, असा नियम १८९६ मध्ये झाला आणि त्यातून या रस्त्याला त्याचे आजचे रूप लाभले. त्या काळी हा हॉर्नबी रोड होता आणि या कमानींच्या सावलीत साहेबी मुंबईचा बाजार भरत असे. ‘व्हाइटअवे, लेडलॉ अँड कंपनी’ हे त्या बाजारातील एक ठळक नाव.

तोपर्यंत आपल्याकडील गृहस्थाची खरेदी अनेक उंबरठ्यांवर विखुरलेली असे. धान्य वाण्याकडे, भांडी कासाराकडे, कपडा कापडवाल्याकडे आणि शिवण शिंप्याकडे. प्रत्येक ठिकाणी घासाघीस ठरलेली आणि जुन्या गिऱ्हाईकासाठी खातेवहीत एक पान राखून ठेवलेले. व्हाइटअवेच्या दुकानात मात्र कपडे, टोप्या, पादत्राणे, चिनी मातीची भांडी, काटेचमचे, प्रवासी पेट्या, खेळणी असा संसाराला लागणारा नानाविध माल एकाच छताखाली, किमतीची चिठ्ठी लावून मांडलेला असे.

उधारीला नकार

रॉबर्ट लेडलॉ हा स्कॉटलंडमधून आलेला तरुण. त्याने १८८२ मध्ये कलकत्त्यात ही पेढी सुरू केली. पुढे मुंबई, लाहोर, सिमला, रंगून, कोलंबो, सिंगापूर, शांघाय अशा शहरांत तिच्या शाखा उघडल्या. योगायोग असा, की भारतात टपाल खात्याची बचत बँकही १८८२ मध्येच सुरू झाली. सामान्य माणसाच्या हातातील थोड्याशा रोख पैशाला आपापल्या परीने महत्त्व देणाऱ्या या दोन व्यवस्था एकाच वर्षी जन्मास आल्या.

भारतातील इंग्रजांची त्या काळची सवय उधारीची होती. दुकानात वा क्लबात चिठ्ठीवर सही करावी आणि महिनाअखेर, किंवा त्याहूनही उशिरा, हिशेब चुकवावा, असा रिवाज होता. व्हाइटअवेने तो मोडला. माल हवा तर पैसे आधी! त्यामुळे कंपनीच्या नावाचाच विनोद करून लोक तिला ‘राइट अवे अँड पेड फॉर’, म्हणजे ‘ताबडतोब आणि रोखीने’, असे म्हणू लागले. बड्या अंमलदारांनी नाके मुरडली असतील. पण बेताच्या पगारातील युरोपियन कुटुंबांना हे दुकान आपले वाटले.

या धोरणामागील हिशेब बँकेच्या ग्राहकाला सहज उमजेल. उधारीवर विकणारा दुकानदार गुंतलेल्या पैशाचे व्याज आणि बुडणाऱ्या रकमेची भरपाई वस्तूच्या किमतीतच धरतो. म्हणजे वेळेवर पैसे देणारा ग्राहक न देणाऱ्याचाही भार वाहत असतो. समजा, एका दुकानदाराचे दहा हजार रुपयांचे भांडवल उधारीमुळे वर्षातून दोनदाच फिरते. वीस टक्के नफा ठेवूनही त्याला चार हजार रुपयेच मिळतील, आणि त्यातून बुडीत रक्कम वजा होईल. तेच भांडवल रोखीमुळे चार वेळा फिरले, तर बारा टक्के नफ्यावरही चार हजार आठशे रुपये हाती येतील. ग्राहकाला माल स्वस्त आणि दुकानदाराला मिळकत अधिक, असे हे गणित आहे.

या व्यवहाराला टपाल खात्याचेही बळ मिळाले. भारतात व्ही.पी. पद्धत १८७७ मध्ये आणि मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली होती. दूरच्या गावी बसलेल्या ग्राहकाने सूचिपत्र पाहून माल मागवावा आणि पोस्टमनच्या हाती पैसे देऊन पुडके सोडवून घ्यावे, ही सोय त्यामुळे शक्य झाली. दुकानाची उधारीची जोखीम उरली नाही आणि ग्राहकाला शहर गाठण्याचे कारण राहिले नाही.

रुपया जातो कोठे?

तथापि, या चोख व्यवहारात एक प्रश्न अनुत्तरित होता. गल्ल्यात पडलेला रुपया पुढे कोठे जातो? ज्यांचे नाव आज या रस्त्याला आहे, त्या दादाभाईंनी आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे याच प्रश्नासाठी वेचली. भारतातील संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहते, याची आकडेवारीसह मांडणी करणारा त्यांचा ग्रंथ १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात हा विचार त्याआधीच रुजला होता. ‘सार्वजनिक काका’ म्हणजे गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताचे खादीचे कपडे घालून गेले होते.

वंगभंगानंतर स्वदेशीची लाट देशभर उसळली. परंतु विदेशी वस्तू नाकारणाऱ्या गृहस्थाला त्याच दिवशी साबण, कापड, दिवा, कात्री हे सारे लागतच असते. ते कोठे मिळावे? केवळ बहिष्काराने संसार चालत नाही. त्याला पर्यायी दुकानही हवे. या गरजेतून १९०६ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स’ उभे राहिले. लोकमान्य टिळक, रतन टाटा, मनमोहनदास रामजी अशा नेत्यांचे व व्यापाऱ्यांचे पाठबळ त्यास लाभले. काही ठिकाणी या संदर्भात जमशेटजी टाटांचे नाव दिले जाते. परंतु त्यांचे निधन १९०४ मध्येच झाले होते. येथे अभिप्रेत आहेत ते त्यांचे धाकटे चिरंजीव.

परक्यांच्या दुकानाची ‘एकाच छताखाली सारे काही’ ही रीत स्वीकारायची आणि माल मात्र देशी ठेवायचा, हा या उपक्रमाचा गाभा होता. काम सोपे नव्हते. देशी कारखानदारी अजून बाल्यावस्थेत होती. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर नुकताच बाजारात येत होता. लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून उभारलेल्या पैसाफंडाचा काच कारखाना तळेगावला १९०८ मध्ये निघाला. अशा काळात देशी उत्पादकाला हक्काची विक्रीची जागा आणि ग्राहकाला मालाची खात्री देणे, हे मोलाचे कार्य होते.

स्वदेशीची हीच प्रेरणा बँकिंग क्षेत्रातही दिसते. बँक ऑफ इंडिया आणि मंगळूरची कॅनरा बँक यांचा जन्म १९०६ चाच, आणि सेंट्रल बँक ऑफ इंडियाचा १९११ चा. देशी मालाला जसे दुकान हवे होते, तशी देशी ठेवींना पेढी हवी होती.

या निवडीची किंमत काहींनी प्राण देऊन मोजली. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाचा ट्रक अडवताना आंबेगाव तालुक्यातील गिरणी कामगार बाबू गेनू हुतात्मा झाले. बाजारातील एक साधी खरेदी त्या काळी किती गंभीर गोष्ट होती, याची ही साक्ष होय.

वास्तू तीच, माल निराळा

पुढे काळाने आपला हिशेब पूर्ण केला. सर रॉबर्ट लेडलॉ १९१५ मध्ये निवर्तले; स्वातंत्र्यानंतर कंपनीनेही आपला पसारा आवरता घेतला. हॉर्नबी रोडवरील तिच्या वास्तूत खादी भांडार आले आणि जेथे विलायती कापडाचे तागे उलगडले जात, तेथे अनेक दशके हातसुताचे कापड विकले गेले. बॉम्बे स्वदेशी स्टोअर्सनेही सर फिरोजशहा मेहता मार्गावर दीर्घकाळ ग्राहकांची सेवा केली आणि कालांतराने ‘द बॉम्बे स्टोअर’ हे नवे नाव धारण केले.

आज खरेदी बोटाच्या टोकावर आली आहे. उधारीची जुनी चिठ्ठीही नव्या रूपात परतली आहे. कधी क्रेडिट कार्ड म्हणून, तर कधी ‘आता घ्या, नंतर द्या’ या आमंत्रणातून. कर्ज वाईट नव्हे. घर, शिक्षण, व्यवसाय यांसाठी ते उपकारकच ठरते. मात्र हौसेच्या वस्तूसाठी महिनोन्‌महिने व्याज भरताना त्या वस्तूची खरी किंमत किती झाली, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. हॉर्नबी रोडच्या जुन्या दुकानाने शिकवलेला हा पहिला धडा.

दुसरा धडा स्वदेशी स्टोअर्सचा. आपला रुपया गल्ल्यात पडल्यावर पुढे कोणाच्या घरी चूल पेटवतो, याचाही विचार करावा. विणकर, कुंभार, बचत गटातील भगिनी, गावातील लघुउद्योजक यांच्या घरी तो पोहोचला, तर आपल्या संसाराबरोबर आणखी एखादा संसार उभा राहतो. किंमत पाहून आणि रोख मोजून खरेदी करणाऱ्या सुज्ञ ग्राहकाने हा दुसरा हिशेबही आपल्या वहीत अवश्य मांडावा.