डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी

डिजिटल कॅमेऱ्यांत मुख्यत्वे पुन्हा चार्ज करता येणारी लिथियम-आयन बॅटरी वापरली जाते. या प्रकारची बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली. बॅटरी 'टिकणे' याचे दोन अर्थ आहेत : एका चार्जिंगमध्ये मिळणारा वापर आणि बॅटरीचे एकूण आयुष्य.

एका चार्जिंगमधील वापर

मागील पडदा, फ्लॅश, वाय-फाय आणि व्हिडिओचित्रण यांना अधिक वीज लागते. पडद्याची प्रखरता कमी ठेवणे, टिपलेली छायाचित्रे वारंवार न पाहणे आणि कॅमेरा आपोआप बंद होण्याचा अवधी कमी करणे यांमुळे विजेची बचत होते.

एकूण आयुष्य

जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण रिकाम्या करण्याची पद्धत होती. लिथियम-आयन बॅटरीला मात्र तीच सवय अपायकारक ठरते. दीर्घकाळ वापर नसल्यास ही बॅटरी साधारण निम्मी चार्ज करून, कॅमेऱ्यातून काढून, थंड व कोरड्या जागी ठेवावी.

हवामानाचा परिणाम

थंडीत बॅटरीची क्षमता तात्पुरती घटते व ऊब मिळताच बरीचशी पूर्ववत होते. उष्णतेने होणारी झीज मात्र कायमची असते. म्हणून उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत बॅटरी ठेवू नये. वसई तालुक्यातील सातिवलीसारख्या दमट हवेच्या परिसरात, विशेषतः पावसाळ्यात, बॅटरीची धातूची टोके गंजू शकतात. ती कोरड्या कापडाने पुसावीत व त्यांवर टोपण लावावे.

फुगलेली बॅटरी वापरू नये. ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.