डब्यातलं कासव

गेल्या महिन्यात एका गटाची बैठक संपत आली होती. बचत जमा झाली होती, कर्जाचे हप्ते झाले होते, रजिस्टरवर सह्या चालू होत्या. तेवढ्यात एका ताईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं खाऊ असेल. झाकण उघडलं तर आत बोटभर पाणी, भाताची शितं आणि बिस्किटाएवढं हिरवं कासव! पोराने जत्रेत हट्ट करून घेतलेलं. ताई म्हणाल्या, "मॅडम, चार दिवस झाले, हे काही खाईना. आणि पाठ बघा, दाबली की दबतीय."

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना भेटले, थोडं वाचलं. आपल्या भागात अशी कासवं अजून तीन-चार घरांत आहेत असं कळलं, म्हणून इथे लिहितेय.

सगळ्यात आधी कासव कुठलं ते बघायचं. आपल्या भाषेत पाण्यातलं काय नि जमिनीवरचं काय, दोघांना एकच शब्द, कासव. त्यामुळे घोटाळा होतो. जमिनीवरच्याला टोपलीभर पाण्यात ठेवलं तर ते बुडून मरतं, आणि पाण्यातल्याला कोरड्या खोक्यात ठेवलं तर त्याला घासच गिळता येत नाही. पाय बघा. जमिनीवरच्याचे पाय हत्तीच्या पायासारखे जाड, ठोकळ्यासारखे असतात. पाण्यातल्याच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो. ताईंच्या कासवाच्या डोळ्यामागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा होता. हे अमेरिकेतलं पाणकासव, दुकानात 'रेड इअर्ड स्लायडर' म्हणून विकतात.

नांगरताना, तळ्याकाठी किंवा पहिल्या पावसात रस्त्यावर सापडतं ते आपलं देशी कासव. बहुतेक वेळा ते मऊ, कातड्यासारख्या पाठीचं असतं. त्याची पाठ मुळातच तशी, तो आजार नाही. हे कासव, आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासवसुद्धा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरात ठेवलं तर किमान तीन वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. "आम्ही तर जीव लावून सांभाळतोय" हे तिथे चालत नाही. सापडलं तर तिथल्याच जवळच्या पाण्याकाठी सोडा. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. तेव्हा खालची सगळी माहिती फक्त दुकानातून आधीच घरात आलेल्या लाल पट्ट्याच्या कासवासाठी आहे. नवीन विकत घ्या असं मी अजिबात म्हणत नाहीये.

आता खाण्याचं. दुकानदाराने ताईंना सांगितलं होतं, "काही नाही लागत, भात घाला." भात, पोळी, पाव, दूध यातलं काहीच त्याचं अन्न नाही. दूध तर त्याला पचतच नाही. हे पिल्लू लहानपणी जास्त करून मांसाहारी असतं, मोठं होईल तसा पाला जास्त खातं. म्हणजे लहान आहे तोवर रोज खायला द्यायचं, त्याच्या डोक्याएवढं, बस. तोंड उघडतंय म्हणून घालत राहायचं नाही. मोठं झालं की दिवसाआड पुरतं.

दुकानात कासवाच्या गोळ्या मिळतात, त्या चालतात. पण नुसत्या वाळलेल्या कोळंबीच्या डबीवर पिल्लू वाढत नाही, आणि बाजारातली खारवलेली सुकट तर नकोच. आपल्याकडे फुकट मिळणाऱ्या दोन गोष्टी त्याला छान चालतात. एक, गांडूळखताच्या बेडमधलं गांडूळ, धुऊन, लहान तुकडे करून. दुसरं, कोंबड्या नि जनावरांसाठी ज्यांनी अझोला केलाय त्यांच्या वाफ्यातला मूठभर अझोला. तो पाण्यावर तरंगतो, पिल्लू दिवसभर कुरतडत बसतं. ओढ्यातला बोटाएवढा मासा काट्यासकट द्या, कारण कॅल्शियम काट्यातच असतं. गाजर किंवा लाल भोपळा किसून अधूनमधून. पालक मात्र कमी, पालकातलं आम्ल कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही.

ताईंच्या कासवाची पाठ दबत होती ती याच कॅल्शियममुळे. कासवाचं कवच म्हणजे वरून घातलेलं झाकण नव्हे. ते हाडच आहे, त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा आतून त्याला जोडलेले असतात. म्हणून त्याला कवचावर हात लावलेला कळतो, आणि म्हणूनच कवचाला रंग, तेल, हळद काही लावायचं नसतं. हाड घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं आणि ते कॅल्शियम अंगात मुरायला ऊन लागतं. ताईंचा डबा फ्रिजवर होता, मांजर पोचू नये म्हणून. दोन महिने त्या पिल्लाने सूर्य बघितला नव्हता. काचेच्या खिडकीतून येणारं ऊनही उपयोगाचं नाही, हाडाला लागणारा किरण काचेत अडतो. आपल्या अंगणवाडीत बाळाला कोवळ्या उन्हात न्या म्हणून सांगतात ना, तसंच.

कॅल्शियमसाठी डॉक्टरांनी सांगितलेला उपाय स्वस्त निघाला. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, पांढरा, हलका. त्याचा तुकडा पाण्यात तरंगत ठेवायचा. लागेल तसं ते कुरतडतं, चोचही झिजते.

राहायला डबा नाही, मोठं घमेलं किंवा प्लास्टिकचा टब हवा. पाणी इतकं खोल की उलटं पडलं तरी त्याला पलटी मारता यावी, बोटभर पाण्यात ते जमत नाही. एका बाजूला वीट किंवा चपटा दगड, पाण्याबाहेर कोरडा राहील असा. त्यावर चढून ते ऊन खातं. टबचा अर्धा भाग सावलीत असलाच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये टब उन्हात राहिला तर पाणी तापून पिल्लू तासाभरात मरू शकतं, त्यामुळे उन्हाळ्यात फक्त सकाळचं ऊन द्यायचं. वरून जाळी लावा, कावळे उचलून नेतात. थंडीत ते खात नाही, घाबरून जबरदस्तीने भरवू नका, पाणी कोमट उन्हात ठेवा. नळाचं पाणी असेल तर आदल्या रात्री भरून ठेवा म्हणजे औषधाचा वास जातो.

पाणी दोन दिवसांनी तरी बदलायचं. त्याला वेगळ्या भांड्यात पाण्यातच अर्धा तास खायला घातलं तर टब कमी घाण होतो. आणि हे पाणी मोरीत, भांड्यांजवळ ओतायचं नाही. झाडाच्या बुडाशी ओता, भाजीच्या वाफ्यात नको. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असतात, त्यांनी जुलाब, ताप येतो. हे कासव मूळचं जिथलं, त्या अमेरिकेतच १९७५ पासून चार इंचांहून लहान कासव पाळायला विकायला बंदी आहे, कारण लहान मुलं ती तोंडात घालायची नि आजारी पडायची. घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांनी हात लावू नये. बाकीच्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे.

डोळे सुजून मिटले, नाकातून बुडबुडे आले, एका बाजूला कलून पोहायला लागलं तर घरगुती औषध करू नका, डॉक्टरकडे न्या.

कंटाळा आला म्हणून विहिरीत किंवा नदीत सोडू नका. हे हावरं असतं, आपल्या देशी कासवांचं खाणं नि ऊन खायची जागा बळकावतं. मादी ताटाएवढी होते आणि नीट सांभाळलं तर हे कासव वीस-तीस वर्षं जगतं. मी हे सांगितल्यावर ताई पोराकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या लग्नातपण हे असणार." सांभाळणं जमणारच नसेल तर वनविभागाला विचारून मग काय ते करा.

अजून एक. बैठकीत मागून कुणीतरी विचारलं, "याची नखं किती?" वीस-एकवीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो, असं सांगत फिरणारे लोक आपल्या भागात येतात. त्यात घरची बचत जाते आणि वर पोलीस केस होते, जादूटोणाविरोधी कायद्याची आणि वन्यजीव कायद्याचीही. असं कुणी आलं तर गटात सांगा, एकटीने ठरवू नका.

परवा ताईंकडे गेले होते. निळ्या टबात वीट, वर कोंबड्यांच्या खुराड्याची जुनी जाळी. पाठ अजून पूर्ण कडक नाही. डॉक्टर म्हणालेत दोन-तीन महिने लागतील आणि थोडी वाकडी राहीलही. पण गांडुळाचा तुकडा टाकला तर लगेच झडप घातली. पोराने टबाशेजारी साबणाची वडी दोरीला बांधून टांगलीय.