गुरांची वैरण : दान आणि दानाची वेळ

दुष्काळ पडला म्हणजे माणसाच्या अन्नाची चिंता सर्वांसच लागते. परंतु गुरांच्या वैरणीचा विचार बहुधा वैशाखात, गुरे खंगल्यावर, सुरू होतो. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील उदार व्यापारी व जमीनदार मंडळींस आमची विनंती ही की, या कामी दानाइतकेच दानाच्या वेळेस महत्त्व आहे, हे ध्यानी घ्यावे.

इ. स. १८९९-१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात असंख्य गुरे मेली. पुढे पाऊस पडला, तरी बैलांवाचून पेरणी व्हावी कशी? आजही वैरण महागली की गरीब शेतकरी बैलजोडी मिळेल त्या भावाने विकतो आणि मृगाच्या तोंडावर कर्ज काढून चढ्या भावाने दुसरी घेतो. ते न साधल्यास जमीन पडीक राहते व त्याची झळ पेढीस आणि अडतीसही लागते.

ज्वारीचे कणीस माणसास व कडबा गुरास, ही जुनी व्यवस्था होय. खानदेशात कपाशीचा पेरा वाढला. परंतु पऱ्हाटीने चूल पेटते, गव्हाण भरत नाही. सुमारे ३०० किलो वजनाच्या बैलास रोज ७ ते ८ किलो सुकी वैरण लागते. म्हणजे फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांत एका जोडीस सुमारे १,८०० किलो. कडब्याची कुट्टी करून घातल्यास नासाडी पुष्कळ कमी होते.

दुसरा उपाय गायरानाचा. धुळे जिल्ह्यातील लामकानी गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून उजाड माळावर पुन्हा गवत उभे केले. मोकाट चराईत कोवळा अंकुरच खुडला जातो. तोच माळ राखून, बी पडल्यावर गवत कापून नेले, तर ते दरवर्षी मिळते. मात्र बंदीचा भार भूमिहीन शेळीपालकावर पडू नये. कापलेल्या गवतात त्याचा वाटा आधी ठरावा.

म्हणून आमची प्रार्थना अशी : मार्गशीर्षात कडबा स्वस्त असतानाच द्रव्य द्यावे, ज्यांची वखार रिकामी असेल त्यांनी ती गंजीसाठी द्यावी, बागाईतदारांनी थोडे क्षेत्र हिरव्या चाऱ्यास राखावे. वैशाखातील रुपयाने गुराचे हाल कमी होतील. मार्गशीर्षातील रुपयाने शेतकऱ्याचे दावे रिकामे होणार नाही.