काठावरची बर

लेथवर दांडा कातला, मिलिंग यंत्रावर पृष्ठ सपाट केले किंवा ड्रिलने भोक पाडले, की टूल धातूतून जेथे बाहेर पडते त्या काठावर एक पातळ, बोचरी किनार उभी राहते. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात आणि ती काढण्याच्या कामाला डिबरिंग. टूल कापत असते तोवर समोरचा धातू पाठीमागून तोलून धरलेला असतो, पण अखेरच्या थराशी हा आधार संपतो आणि उरलेला धातू कापला न जाता बाहेर कलंडतो. ॲल्युमिनियम, तांबे, मऊ पोलाद हे ताण सोसून वाकणारे धातू असल्याने त्यांच्यावर बर मोठी येते, तर बीड ठिसूळ असल्याने त्यावर ती अल्प असते, मात्र तेथे काठाचा टवका उडण्याची भीती राहते. टूल बोथट झाले की बर वाढते, त्यामुळे जाणता कारागीर बरीच्या जाडीवरूनही टूलची अवस्था ओळखतो.

हाताला कापणारी किनार एवढीच बरीची ओळख असती, तर कानशीचे चार हात पुरले असते. तिचा खरा उपद्रव उत्खनन यंत्राचा अवजड हात हलविणाऱ्या हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये दिसतो. या व्हॉल्व्हच्या पोटातील लांब बोअरमध्ये ‘स्पूल’ नावाचा खाचा पाडलेला दांडा मागेपुढे सरकून तेलाच्या वाटा उघडतो व मिटतो, आणि दोहोंमधील फट अवघी काही मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग, एवढीच ठेवलेली असते. तेलाची आडवी भोके या बोअरला जेथे छेदतात तेथे आतल्या बाजूस बर येते, जी डोळ्यांना धड दिसत नाही आणि जेथे कानस पोचत नाही. पुढे तेलाच्या दाबाने तिचा कण सुटून फटीत शिरला, की स्पूल अडकतो. अडचण अशी, की स्पूलचे काठ गोलावूनही चालत नाहीत, कारण तेलाचा प्रवाह नेमका कोठे सुरू व्हावा आणि कोठे थांबावा हे त्या काठांवरच ठरते. बर तर जावी, पण धार राहावी. याउलट वारंवार ताण सोसणाऱ्या शाफ्टवर तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटून तडा सुरू होऊ शकतो, म्हणून तेथे काठ मुद्दाम गोल केला जातो.

सुटे, लहान भाग सिरॅमिकच्या खड्यांसह थरथरणाऱ्या पात्रात घोळवून काढले की बाहेरच्या कडा एकदम साफ होतात, पण छेदणाऱ्या भोकांसाठी वेगळे उपाय लागतात. विद्युत-रासायनिक पद्धतीत जॉब, म्हणजे घडविला जाणारा भाग, धन ध्रुवाला जोडून, त्याला न टेकणारा ऋण ध्रुव बरीपाशी धरला जातो आणि मधून क्षारयुक्त द्राव वाहता ठेवून बर विरघळविली जाते. औष्णिक पद्धत अधिक नाट्यमय आहे: बंद कोठीत इंधनवायू व ऑक्सिजन यांचे मिश्रण भरून ठिणगी दिली, की काही मिलिसेकंदांच्या ज्वाळेत पातळ बर जळून जाते आणि जाडजूड जॉब फारसा तापत नाही, मात्र मागे राहिलेला ऑक्साइडचा थर धुवावा लागतो.

काठाइतकेच पृष्ठाचेही. त्याचा खडबडीतपणा मायक्रोमीटरमध्ये मोजला जातो: साध्या कातकामात सरासरी सुमारे 1.6 ते 3.2, ग्राइंडिंगनंतर बहुधा 0.2 ते 0.8. अधिक गुळगुळीत ते अधिक चांगले, ही समजूत मात्र चुकीची आहे. इंजिनच्या सिलिंडरला होनिंगने मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा दिल्या जातात, कारण त्यांच्या खाचांत तेल धरले जाते.

हे सारे ठरविण्याची जागा म्हणजे ड्रॉइंग, आणि नेमके तेथेच ‘सर्व बर काढावी’ एवढी एकच ओळ लिहून अनेकदा काम उरकले जाते. काठ किती आत घेतलेला चालेल, किती बाहेर, हे आकड्यात सांगण्याची सोय आयएसओ 13715 या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. तिचा वापर न करणारा आरेखक आपला निर्णय कानस हाती धरलेल्या कामगारावर सोपवून मोकळा होतो.