न वापरलेला बूट ‘नवा’ कधी ठरतो?

संग्राह्य स्नीकर्सच्या फेरविक्रीत नवा जोड, म्हणजे ‘डेडस्टॉक’, या शब्दाचा अर्थ काटेकोर आहे. दुकानातून निघाल्यावर जोड रस्त्यावर एकदाही घातलेला नसावा. सोबत मूळ खोका, खोक्याच्या लेबलशी जुळणारा साइझ आणि शैली-क्रमांक, जादा लेस आणि टॅग हवेत. भारतात अधिकृतपणे विकलेल्या जोडाच्या खोक्यावर एमआरपीचं लेबल असतं. परदेशातून हाताने आणलेल्यावर ते नसतं. त्याने जोड खोटा ठरत नाही.

घरात फरशीवर पाय घालून पाहिलेला जोड नवा की नाही, यावर वाद कायम असतो. पुढच्या भागावर सुरकुती पडली असेल किंवा तळ मळला असेल, तर प्रश्न मिटतो: तो वापरलेला. कारखान्यातून आलेला गोंदाचा डाग मात्र जोड जुना करत नाही. फोटोत तो दाखवला म्हणजे झालं.

पेण-रोह्यासारख्या दमट भागात खरी अडचण हवेची आहे. एअर जॉर्डन ३ (१९८८) आणि ४ (१९८९) या स्नीकर्सच्या मधल्या तळात पॉलियुरेथेन असतं. दमट हवेतलं पाणी त्याच्या रेणूंचे बंध तोडतं, आणि कधीच न घातलेल्या जुन्या जोडाच्या तळाचाही काही वर्षांनी पहिल्याच पावलाला भुगा होतो. असा माल ‘नवा’ म्हणून विकणं शब्दशः बरोबर, व्यवहारात लबाडी. जोड जुना असेल, तर उत्पादनाची तारीख सांगायलाच हवी. ती जिभेमागच्या किंवा आतल्या छोट्या लेबलवर छापलेली असते.